गंगथडी आणि बालाघाट

बीड जिल्ह्यात सोयरीक जमवताना मुलाच्या पगाराइतकीच जमिनीची चौकशी होते. शेत गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, आहे की डोंगरपट्ट्यात? मी पाटोद्याकडचा, म्हणजे डोंगरपट्ट्यातला, आणि शाळेत भूगोल शिकवतो. प्राचीन इजिप्तचा धडा आला की मी मुलांना आधी आपला जिल्हा दाखवतो.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. इथिओपियाच्या डोंगरात पावसाळा झाला की नाईलला पूर यायचा आणि ओसरताना काठावर काळा गाळ ठेवून जायचा. गहू, जव, जवस सगळं त्या गाळावर. काठ सोडला की वाळवंट. आमची गोदावरीही परक्याच्या पावसावर वाहते. आभाळ फाटतं नाशिककडच्या सह्याद्रीत, आणि काळी कसदार जमीन मिळते गेवराई-माजलगावच्या काठाला. जायकवाडी धरण १९७६ साली झालं, पुढं पैठणचा उजवा कालवा माजलगावच्या धरणापर्यंत आला आणि गंगथडीत ऊस उभा राहिला.

बालाघाटावर, म्हणजे आमच्या डोंगरपट्ट्यात, असं काही नाही. आमच्याकडची कुठलीही विहीर वाकून बघा: वर हातभर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या नावाचा भेगाळ खडक आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी थांबतं ते मुरमात आणि मांजऱ्याच्या भेगांत. पाषाणात साठायला जागाच नाही. त्यामुळे श्रावणात हाताला लागणारं पाणी संक्रांतीनंतर तळाला जातं. बाजरी, तूर निघते, सीताफळ तर या माळाचंच लेकरू, पण रब्बीचा भरवसा नाही. म्हणून दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडी, लेकरं ट्रकमध्ये घालून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि माझ्या वर्गातली बाकं रिकामी होतात. हे आळसापायी किंवा हौसेनं होत नाही. यामागं विहिरीतला तो पाषाण आहे, आणि वरचं पाणी वरच न अडवणारे आपण आहोत.

खडक आणि पाणी ओळखणारे मात्र इथं होऊन गेलेत. बीड शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं ती बांधवली. रचना राजा भास्कर यांची. जमिनीखालच्या बांधीव नळांतून झऱ्यांचं पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या नळानं उताराच्या जोरावर शेतांकडं जातं. मोट नाही, बैल नाही, वीज नाही. ज्यांनी ही जागा नेमकी हेरली, त्यांनी आधी खडक वाचला होता.

मांजरा नदीही आमच्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, त्यावर लातूर शहर पाणी पितं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. उगमाकडच्या माळावर पाऊसच कमी पडला तर खाली कितीही मोठी भिंत बांधा, धरण भरत नाही; म्हणून माथ्यावर पडेल तेवढं पाणी तिथंच जिरवायला हवं.

माझं मागणं साधं आहे. पाणलोटाचा पैसा आधी माथ्यावर खर्च करा: समतल चर, बांधबंदिस्ती, जुन्या तलावांतला गाळ काढणं. आणि गावात नवं बोअर घेण्याआधी शेजारच्या विहिरीत वाकून खडकाचे थर बघून घ्या.