गोळी तीच, माणूस वेगळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून मामांवर खोटा आळ घेतला. त्यात मीही होतो. हा लेख म्हणजे त्याची थोडी भरपाई.

झालं असं, की मामांची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. रोज अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घ्यायचं ठरलं. सहा आठवड्यांनी पुन्हा छातीत दुखायला लागलं. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी! "मामा, गोळ्या चुकवल्या ना?" मी सरळ विचारलं. "अरे, एक दिवस नाही चुकवली," ते म्हणाले. कोणाचा विश्वास बसला नाही.

नंतर डॉक्टरांनी जनुकीय चाचणी करायला सांगितली. रिपोर्टवर शब्द होते, 'पुअर मेटाबोलायझर'. मग मी मेकॅनिकलवाला असूनही वाचायला बसलो.

आपल्या रक्तातल्या प्लेटलेट जखम झाली की एकमेकींना चिकटून बूच तयार करतात. स्टेंटची जाळी शरीराला परकी, त्यामुळे तिथेही त्या जमू पाहतात. प्लेटलेटवर पी२वाय१२ नावाचा रिसेप्टर असतो. 'जमा व्हा' हा निरोप तिथे पोचतो. क्लोपिडोग्रेल हा रिसेप्टरच बंद करतं.

पण खरी गंमत पुढे आहे. गोळीतलं औषध हा नुसता कच्चा माल! त्यातला सुमारे ८५ टक्के भाग शरीर निकामी करून टाकतं. उरलेल्यावर यकृतात प्रक्रिया होते, तेव्हा कुठे काम करणारं औषध बनतं. या कारखान्यातलं मुख्य मशीन म्हणजे सीवायपी२सी१९ हे एन्झाइम. त्याच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. 'स्टार टू' या प्रकारात जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं, 'जी'च्या जागी 'ए'. तेवढ्याने चालणारं एन्झाइम बनत नाही. दोन्ही प्रती अशा असतील तर मशीन बंद. कच्चा माल रोज येतो, पक्का माल जेमतेम निघतो. उलट 'स्टार सेव्हन्टीन'मध्ये मशीन जास्तच जोरात चालतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही ओपन लूप सिस्टीम झाली. इनपुट सगळ्यांना ७५ मिलिग्रॅम, आउटपुट सहसा कोणी मोजत नाही.

युरोपीय लोकांत असे पुअर मेटाबोलायझर सुमारे २ टक्के असतात, दक्षिण आशियाई लोकांत मात्र १० टक्क्यांच्या वर. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच या औषधावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. तरीही ही चाचणी सरसकट होत नाही. अ‍ॅसिडिटीवरचं ओमेप्राझोलसुद्धा हेच एन्झाइम अडवतं, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगावी.

उपाय आहे. टिकाग्रेलॉर हे औषध थेट काम करतं. प्रासुग्रेलला बदलावं लागतं, पण ते या एका मशीनवर अडून बसत नाही. दोन्हींत रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून निवड डॉक्टरांचीच. आणि हे वाचून कोणी घरच्यांची गोळी परस्पर बंद करू नका, प्लीज!

गुठळीची कारणं अनेक असतात, पण मामांच्या बाबतीत हे मोठं कारण होतं, असं डॉक्टर म्हणाले. गोळी बदलली, मामा आता ठीक आहेत. मी माफी मागितली तेव्हा हसून म्हणाले, "माझी कसली चूक? आजी-आजोबांना विचार!"

खरंच की. ती प्रत आईकडेही असेल, कदाचित माझ्याकडेही. तेव्हा पुढच्या वेळी औषध लागू पडलं नाही, तर आधी पेशंटला दोष देऊ नका.