ड्रुपलची डीफॉल्ट थीम का बदलली?

ड्रुपलवर नवी साइट सुरू केली की, तुम्ही काहीच न निवडता तिला एक तयार रूप मिळतं. हीच डीफॉल्ट थीम. २०११ च्या ड्रुपल ७ पासून हे काम 'बार्टिक' करत होती. दहा वर्षांत ती जुनाट दिसू लागली. म्हणून २०२२ मध्ये डीफॉल्ट म्हणून 'ऑलिव्हेरो' आली.

हे नाव रेचल ऑलिव्हेरो यांच्यावरून ठेवलंय. त्या दृष्टिहीन होत्या आणि वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठी झटत होत्या. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यामुळे ही थीम नुसती दिसायला छान असून चालणारच नव्हतं. अक्षरं स्पष्ट दिसतात, मेन्यू माउसशिवाय फक्त कीबोर्डनेही उघडतो आणि स्क्रीन रीडरला पान नीट वाचता येतं.

तुमची साइट अजून बार्टिकवर आहे? थीम बदलल्याने लेख-फोटो उडत नाहीत, बदलते ती मांडणी. पण ड्रुपल १० च्या मूळ पॅकेजमध्ये बार्टिक नाही. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, मग थीम बदला किंवा बार्टिक वेगळी इन्स्टॉल करा आणि त्यानंतरच अपग्रेड करा.

शेवटी अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून स्वतःची साइट ऐका. मेन्यू सापडला नाही, तर काम अजून बाकी आहे!