ॲड्रिनल : तिची आणि त्याची

मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या, प्रत्येकी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या या ग्रंथी. पण त्यांचे काही आजार चक्क पक्षपाती. कॉर्टिसॉल वाढवणारा कुशिंगचा आजार स्त्रियांत पुरुषांच्या किमान तिप्पट आढळतो.

जन्मजात ॲड्रिनल हायपरप्लेझियाचा नेहमीचा दोष ६व्या गुणसूत्रावर असतो, त्यामुळे धोका मुलगा-मुलगी दोघांना सारखाच. मात्र मुलीच्या बाह्य जननेंद्रियांतला बदल बहुधा जन्मतःच नजरेत भरतो. मुलगा धडधाकट दिसतो, घरी जातो आणि तीव्र प्रकार असल्यास पहिल्या काही आठवड्यांतच उलट्या होऊन, शरीरातलं मीठ घटून कोसळतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांची तपासणी म्हणूनच मुलग्यांसाठी जास्त मोलाची (आपल्याकडे ती अजून सरसकट होत नाही).

इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल उगाच वाढलेलं दिसतं. चाचणीआधी डॉक्टरांना सांगावं.