थाळी फिरावी, षड्ज हलू नये

२०२३ साली स्कॉटलंडच्या लिन कंपनीने आपल्या टर्नटेबलची पन्नाशी साजरी केली आणि त्या निमित्ताने एक खास आवृत्ती काढली. ॲपलच्या आयफोनला रूप देणारे जॉनी आइव्ह यांचा तिच्या रचनेत हात होता. नग फक्त २५० आणि किंमत ५० हजार पौंड! आपल्या रुपयांत हा आकडा पन्नास लाखांच्या घरात जातो. एवढ्या पैशांत आपल्याकडे दारात उत्तम मोटार उभी राहते. आणि हे यंत्र करते काय, तर एक थाळी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश वेळा फिरवते. आवाज मोठा करायचे काम ॲम्प्लिफायरचे, ऐकवायचे काम स्पीकरचे. टर्नटेबलने नुसते फिरायचे.

श्रीमंतांचे वेड म्हणून हे सोडून देता आले असते. पण आपल्या भागात अजून कितीतरी घरांत माळ्यावर, कपाटाच्या वरच्या खणात रेकॉर्डचा गठ्ठा आहे. मराठीत आपण तिला तबकडी म्हणतो, कन्नडमध्ये 'तट्टे' म्हणतात. दोन्हीकडे अर्थ एकच, ताट. एका बाजूला बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला कन्नड नाटकातली पदे, असा संसार या गठ्ठ्यांत सुखाने नांदतो. ती ताटे पुन्हा फिरवायची असतील तर नुसते फिरणे इतके अवघड का, हे समजून घ्यायला हवे.

एलपी रेकॉर्डवरची खोबण डोक्यावरच्या केसाहून बारीक असते. एका बाजूची खोबण सरळ उलगडली तर सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. तिच्या दोन्ही भिंतींवर गाणे कोरलेले असते आणि त्यातले बारीक हेलकावे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. सुई तेवढ्याने हलते, त्यातून अगदी अल्प वीज तयार होते आणि ती पुढे हजारो पटींनी वाढवली जाते. म्हणजे मोटरची थरथर, बेअरिंगची घरघर, शेजारच्या खोलीतले पाऊल, यांतले काहीही सुईपर्यंत पोचले तर तेही तितक्याच पटींनी वाढते. सुईला बिचारीला गाणे कोणते आणि घरघर कोणती हे कळत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. थाळीचा वेग एक टक्क्याने चुकला तर स्वर जवळजवळ एका श्रुतीने सरकतो. सहा टक्क्यांनी चुकला तर काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. सगळी रेकॉर्ड सारखीच वर सरकली तर एक वेळ चालेल, पण वेग क्षणाक्षणाला कमीजास्त होत राहिला तर लांबवलेला षड्ज डगमगतो, आणि ते तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला लगेच खुपते. मराठीत श्रुती म्हणजे स्वराचा बारीक अंश. कन्नड घरात 'श्रुती' म्हटले की आधी तंबोऱ्याचा किंवा पेटीचा आधारस्वर आठवतो. टर्नटेबलला दोन्ही अर्थांनी श्रुती सांभाळावी लागते.

हे साधायचे तीन मार्ग आहेत आणि जगभरचे ध्वनिशौकीन त्यावरून गेली पन्नास वर्षे हिरिरीने भांडत आले आहेत.

पहिला मार्ग चाकाचा. शिलाई मशीनवर बॉबिन भरताना रबरी कडीचे छोटे चाक मोठ्या चाकाला टेकते आणि गरगर फिरते, ते आठवा. इथे उलट आहे. मोटरच्या दांड्याला टेकलेले रबरी चाक जड थाळीच्या आतल्या कडेला घासते आणि थाळी फिरवते. या मार्गाचा राजा म्हणजे इंग्लंडमधल्या स्विंडन गावचे गॅरार्ड ३०१. कंपनीचा जन्मच मजेशीर आहे. लंडनच्या गॅरार्ड या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, तोफखान्यासाठी अंतर मोजणारी नाजूक उपकरणे करायला ही कंपनी काढली. युद्ध संपले, तोफा थंडावल्या, आणि त्या कसबी हातांना ग्रामोफोनच्या स्प्रिंगवरच्या मोटारी मिळाल्या. १९५४ साली आलेले ३०१ मुळात आकाशवाणी केंद्रांसारख्या ठिकाणी दिवसभर राबण्यासाठी होते, त्यामुळे घरगुती यंत्राच्या मानाने ते अवजड, ठणठणीत आणि काहीसे रांगडे झाले. ओतीव ॲल्युमिनियमची थाळी, वंगणाची नीट सोय असलेले बेअरिंग, आणि वेग हवा तसा किंचित कमीजास्त करायला चुंबकाचा ब्रेक. बटण फिरवले की थाळी जवळजवळ लगेच वेग धरते.

१९६५ साली त्याची जागा ४०१ ने घेतली. पुढे पट्ट्याची यंत्रे आली तेव्हा 'घरघर करणारे जुने धूड' म्हणून लोकांनी ही चाकाची यंत्रे मोडीत काढली. मग जपानमधल्या शौकिनांनी ३०१ शोधून शोधून जमवायला सुरुवात केली, त्यांना लाकडाच्या किंवा पाटीच्या दगडाच्या जड बैठकीवर बसवले, आणि लक्षात आले की घरघरीचा मोठा दोष यंत्राचा नव्हताच. हलक्या खोक्यावर बसवल्यामुळे ते खोकेच तबल्यासारखे वाजत होते. आज नीट जपलेल्या ३०१ला कित्येक नव्या यंत्रांपेक्षा जास्त भाव येतो.

दुसरा मार्ग पट्ट्याचा. मोटर बाजूला ठेवायची आणि रबरी पट्ट्याने थाळी ओढायची, म्हणजे मोटरची थरथर पट्ट्यातच विरते. सुरुवातीला उल्लेख आला ते लिन सोंडेक एलपी १२ याच घराण्यातले. ग्लासगोचे आयव्हर टिफेनब्रुन यांच्या वडिलांचा अचूक यंत्रभाग बनवण्याचा कारखाना होता, त्यातून हे यंत्र निघाले आणि १९७३ पासून विकले जाऊ लागले. यात थाळी आणि सुईचा हात तीन स्प्रिंगांवर तरंगतात, त्यामुळे घरात कोणी चालले तरी सुई दचकत नाही. टिफेनब्रुन यांचे म्हणणे त्या काळी लोकांना उरफाटे वाटले. सगळे म्हणत, पैसा स्पीकरवर खर्च करा. हे म्हणत, खोबणीतून जे निघालेच नाही ते पुढचा कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही. नळाला पाणीच गढूळ आले तर चांदीचा तांब्या काय करणार! शिवाय कंपनीने एक शहाणपणा केला. सुधारलेले बेअरिंग, नवी मोटर, नवा वीजपुरवठा जे काही काढले ते बहुतेक जुन्या यंत्रातही बसेल असे काढले. पन्नास वर्षांपूर्वी घेतलेला नग आजही अद्ययावत करता येतो. कालचा मोबाईल आज दुरुस्त होत नाही अशा दिवसांत मला तरी पन्नास लाखांच्या आवृत्तीपेक्षा याचेच कौतुक जास्त वाटते.

तिसरा मार्ग जपानचा. मधे चाक नको, पट्टा नको, थाळीच्या पोटातच मोटर. टेक्निक्सने १९७० साली एसपी-१० बाजारात आणले आणि १९७२ साली एसएल-१२००. शौकिनांनी सुरुवातीला नाके मुरडली, पण न्यूयॉर्कच्या पोरांनी हाताने रेकॉर्ड मागेपुढे घासून त्यावर नवे संगीतच उभे केले, कारण हे यंत्र कितीही छळले तरी वेग सोडत नव्हते. २०१० साली कंपनीने ते बंद केले आणि मागणी पाहून २०१६ साली नव्या मोटरसह पुन्हा सुरू केले.

यांतला श्रेष्ठ मार्ग कोणता, हा वाद किराणा थोर की जयपूर अशा थाटाचा आहे. नीट बांधलेले यंत्र तिन्ही घराण्यांत चांगले वाजते.

आता या गोष्टीला पुण्याची वाट फुटते. इंग्लंडमध्येच स्टेनिंग नावाच्या गावी एसएमई ही कंपनी आहे. १९४६ साली ती निघाली खेळण्यांच्या आणि यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती करण्यासाठी. मालक रॉबर्टसन-एकमन यांना गाण्याची आवड. स्वतःच्या घरासाठी त्यांनी सुई धरणारा एक हात, म्हणजे टोनआर्म बनवला, मित्रांनी तो मागितला, आणि १९५९ पासून कंपनीचा तोच धंदा झाला. नऊ इंची हात तो ३००९ आणि बारा इंची तो ३०१२, असा सरळ हिशेब. गॅरार्ड ३०१ आणि एसएमईचा हात ही जोडी जगभर तंबोरा-तबल्यासारखी ठरून गेली. २०१६च्या अखेरीस ही एसएमई पुण्याच्या केडन्स समूहाने विकत घेतली. त्याचे प्रमुख अजय शिर्के आपल्याला क्रिकेट नियामक मंडळाचे माजी सचिव म्हणून ठाऊक आहेत, पण ध्वनीच्या दुनियेत पुण्यात स्पीकर बनवणारे म्हणून त्यांची ओळख जुनी आहे. मग २०१८ साली गॅरार्डचे नावही याच समूहाकडे आले. ते नाव १९७९ पासून ब्राझीलच्या एका कंपनीकडे होते आणि स्विंडनचा कारखाना केव्हाच बंद पडला होता. आता जुनी ३०१ यंत्रे स्टेनिंगच्या कारखान्यात पूर्ण उकलून, नव्याने रंगवून, जुळवून विकली जातात. इंग्लंडच्या राजाच्या जवाहिऱ्यांचे नाव असलेले यंत्र, मालकी मराठी माणसाची! मात्र २०१९च्या शेवटी एसएमईने आपले हात सुटे विकणे थांबवून फक्त स्वतःच्या टर्नटेबलांबरोबर द्यायचे ठरवले, तेव्हा शौकीन मंडळी चांगलीच हिरमुसली होती.

पण आपल्या माळ्यावरच्या गठ्ठ्यापाशी या साऱ्याचा संबंध वेगळ्याच ठिकाणी येतो. तो म्हणजे ७८चा वेग. गंगूबाई हनगल यांच्या १९३०च्या दशकातल्या रेकॉर्डवर नाव आहे 'गांधारी हुबळी'. मिरजेचे अब्दुल करीम खाँ, तरुण मल्लिकार्जुन मन्सूर, बालगंधर्व, ही सगळी मंडळी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकडीवर आहेत. आणि लिन एलपी १२ वर ७८चा वेगच नाही. आजच्या अनेक महागड्या यंत्रांवर तो नसतो, कारण ती करणाऱ्यांच्या घरात एलपी आहेत, गांधारी हुबळी नाही. ३०१ वर मात्र ३३, ४५ आणि ७८ तिन्ही वेग आहेत. शिवाय जुन्या रेकॉर्डी नेमक्या ७८ वर कापलेल्या असतातच असे नाही. तिथे तो चुंबकाचा ब्रेक कामी येतो. पेटीवर स्वर धरून वेग जुळवता येतो. म्हणून आपल्यासारख्या घरांना खरेदी करताना पहिला प्रश्न किमतीचा नको, ७८चा वेग आहे का, हा हवा.

वेगाइतकीच महत्त्वाची सुई. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येची, ७८ची सुमारे ७५ मायक्रॉनची, म्हणजे चौपट जाड. एलपीची सुई लाखेच्या रुंद खोबणीत तळाशी जाऊन बसते, जिथे जुन्या पोलादी पिनांनी पाडलेला भुगा साठलेला असतो, आणि मग गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. ऑर्टोफॉन, ऑडिओ-टेक्निका या कंपन्या ७८साठी वेगळी सुई करतात आणि ती यंत्राच्या मानाने फार महाग नाही. वरच्या घराण्यांतले एकही यंत्र परवडत नसले तरी एवढे करता येते. उलट एलपीच्या गठ्ठ्याला धोका आहे तो घरातल्या जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरचा. त्याची सुई खोबणीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते; चांगला हात दीड-दोन ग्रॅमवर भागवतो. झिजलेल्या सुईने वाजवलेली प्रत्येक फेरी खोबण थोडी खरवडून जाते, आणि ते परत भरून येत नाही.

धूळ पुसताना एक काळजी घ्यावी. प्लॅस्टिकच्या एलपीला जे द्रावण चालते ते लाखेच्या तबकडीला चालेलच असे नाही. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. सुतार पॉलिश करतो ते असेच. औषधाच्या दुकानातले स्पिरिट बोळ्यावर घेऊन ७८ची रेकॉर्ड पुसली तर नाव उरेल ते फक्त मधल्या कागदावर. मऊ ब्रश, गरज पडली तर स्वच्छ पाण्यात साध्या साबणाचा एखादा थेंब, कागद भिजू न देता, आणि लगेच कोरडे करणे. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत, आणि पत्र्याच्या छपराखालचा माळा उन्हाळ्यात तापतो तेव्हा गठ्ठा तिथून खाली उतरवावा.