शक्तीची काटकसर

दीर्घकालीन थकव्याच्या आजारात निदानासाठी एक खूण आवश्यक, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली ठरवले : श्रमानंतर प्रकृती बिघडणे. हा बिघाड बहुधा १२ ते ४८ तासांनी जाणवतो; त्यामुळे आज केलेले काम झेपले की नाही, ते परवा कळते. ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये सांगितले. मग हाती उरते ती काटकसर : कामाचे तुकडे पाडणे, अंघोळ बसून करणे, दमण्याआधी थांबणे. नऊ वर्षांच्या आजारपणात मला सर्वांत जड गेले ते हे थांबणे. बऱ्या दिवशी हुरूप येतो, आणि नेमका तोच दिवस शिल्लक टाकण्याचा असतो. म्हणून वीस मिनिटे लिहायचे. वाक्य अर्धे राहिले तरी आडवे व्हायचे.