‘बॉर्डर’ पाहून रडणाऱ्या नागपूरकरांसाठी

जे. पी. दत्तांच्या ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) मला रणगाड्यांपेक्षा घरच्या पत्रांचं गाणं जास्त रडवतं. पत्र एकाचं येतं, डोळे सगळ्या तुकडीचे भरतात!

अशी माणसं आपल्या शेजारचीच. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. याच रेजिमेंटच्या १४ गार्ड्सचे लान्सनायक अल्बर्ट एक्का, मूळचे झारखंडचे. ‘बॉर्डर’मध्ये दाखवलेली लोंगेवालाची लढाई झाली त्याच आठवड्यात, डिसेंबर १९७१ मध्ये, पूर्वेला गंगासागरच्या लढाईत सोबत्यांना टिपणाऱ्या मशीनगनवर ते धावून गेले आणि संगिनीने तो बंकर शांत केला. जखमी अवस्थेत पुढे सरकत हातबॉम्ब फेकला, मग आत शिरून संगिनीनेच दुसरी मशीनगनही बंद पाडली. त्या जखमांनी त्यांचे प्राण घेतले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

‘बॉर्डर’ पुन्हा लावाल, तेव्हा मुलांना एक्कांबद्दलही नक्की सांगा.