पाचर आणि बटण

बर्फ पडलेल्या दिवशी आपण ट्रॅक्टरवरून किती वेळा उतरतो, ते गेल्या हिवाळ्यात मी एकदा मोजलं. बकेटने बर्फ लोटायचा, मग चाऱ्याचे गठ्ठे उचलायला फोर्क लावायचे, परत बकेट. प्रत्येक अदलाबदलीला दोन खेपा. उतरून कडी सोडायची, चढून ट्रॅक्टर मागे घ्यायचा, दुसऱ्या अवजाराला भिडवायचा आणि पुन्हा उतरून कडी लावायची. दुपारपर्यंत चौदा वेळा उतरलो. मिनेसोटाची थंडी, अंगावर कपड्यांचे चार थर आणि पन्नाशी उलटलेले गुडघे. चौदाव्या वेळी ठरवलं, या कडीला मोटर बसवायची.

पण आधी कडीबद्दल सांगायला हवं, कारण खरी करामत तिच्यात आहे. गावाकडे ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडताना पाहिलं असेल त्याला तिचं मोल लगेच कळेल. एक जण ट्रॅक्टर इंचाइंचाने मागे घेतोय, दुसरा पहारीने अवजार रेटतोय, तिसरा नुसताच ‘अजून थोडं, अजून थोडं, बास!’ म्हणून ओरडतोय, आणि पिन काही भोकात जात नाही. ट्रॅक्टरपुढच्या लोडरच्या बकेटचंही पूर्वी हेच होतं. ती भुजांना पिनांनी जखडलेली असायची, आणि बदलायची म्हटलं की हातात घण घ्यावा लागे.

या कडीचं माहेर माझ्या घरापासून फार लांब नाही. मिनेसोटात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. तिथे सिरिल आणि लुई केलर या भावांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. जवळच्या एडी व्हेलो या टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याची अडचण अशी, की कोंबडखान्यातली घाण काढायला खांबाखांबांमधून वळेल आणि वरच्या मजल्यावरही चालेल इतकं हलकं यंत्र त्याला कुठे मिळेना. केलर बंधूंनी १९५७ साली त्याला तीन चाकांचा लोडर बनवून दिला. पुढे दोन चाकं आणि मागे जागच्या जागी गिरकी घेणारं एक. पुढच्याच वर्षी नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने तो बनवायला घेतला. १९६० मध्ये त्याला चौथं चाक आलं, १९६२ मध्ये ‘बॉबकॅट’ हे नाव. आणि १९७० मध्ये आली ती ‘बॉब-टॅच’ ही झटपट जोडणी.

तिची रचना इतकी साधी आहे, की आपल्याला कशी नाही सुचली असं वाटावं. यंत्राच्या भुजांना एक पोलादी प्लेट असते, आणि अवजाराच्या पाठीला वर एक वळवलेली पट्टी. प्लेटची वरची कड त्या पट्टीखाली सारायची आणि प्लेट मागे झुकवायची, की अवजार स्वतःच्याच वजनाने तिच्यावर येऊन टेकतं. मग दोन बाजूंचे दोन दांडे दाबायचे. त्यांच्याखालच्या दोन पिना अवजाराच्या तळपट्टीतल्या खाचांतून खाली उतरतात.

या पिना गोल नसतात, टोकाला निमुळत्या असतात. खरं तर त्या पाचरी आहेत. कुदळीचा दांडा सैल झाला की आपण जी मारतो, तीच पाचर. गोल पिन आणि तिचं भोक झिजलं की अवजार खडखडायला लागतं. पाचर झिजली तर तेवढीच आणखी खाली उतरते आणि पुन्हा घट्ट बसते. तिला वर येऊ न देण्याचं काम स्प्रिंगचं. मोटारसायकलचा साइड स्टँड आठवा. अर्ध्यापर्यंत स्प्रिंग त्याला एका बाजूला ओढते, मधला बिंदू ओलांडला की तीच दुसऱ्या बाजूला ओढते, आणि अधेमधे तो थांबतच नाही. या दांड्याचंही तसंच. बसताना जो ‘खट्’ होतो तो हाताला आधी कळतो, कानाला नंतर.

पुढे इतर कंपन्यांनीही हीच घडण उचलली. २००५ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, आयएसओ २४४१०. आज माझ्या छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरवर तीच प्लेट आहे, आणि दुसऱ्याच कंपनीचे सेकंडहँड फोर्क तिच्यावर मुकाट बसतात. यंत्रांच्या दुनियेत एवढा समंजसपणा क्वचितच दिसतो.

आता मोटरीचं. रस्ते दोन. पहिला हायड्रॉलिकचा. दोन्ही दांड्यांमध्ये एक आडवा सिलिंडर, त्याला ट्रॅक्टरचंच तेल. ताकद भरपूर, पण त्यासाठी जादा व्हॉल्व्ह हवा, भुजांवरून पाइप न्यायला हवेत, आणि पाइप फुटला तरी सिलिंडर जागचा हलणार नाही असा रोधक व्हॉल्व्हही हवा. शिवाय पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी त्यातून उडणारी तेलाची धार कातडी फोडून आत शिरते. म्हणून गळती शोधताना पुठ्ठा फिरवायचा, हात कधीच नाही. दुसरा रस्ता बारा व्होल्टच्या ॲक्चुएटरचा. मोटर स्क्रू फिरवते आणि तिचा रॉड पुढेमागे सरकतो. साध्या आट्यांचा स्क्रू असेल तर वीज गेली तरी तो जागीच राहतो. मी हा घेतला.

आणि पहिल्याच फेरीत चुकलो. ॲक्चुएटर दांड्याला घट्ट पिनने जोडला होता. मोटर थांबेल तिथे दांडाही थांबायचा, त्यामुळे मधला बिंदू ओलांडून स्प्रिंगने त्याला ओढून घ्यायचं, ते काही होईना. बटण दाबलं, मोटर गुरगुरली, सीटवरून सगळं छान दिसलं; उतरून पाहिलं तर डावी पाचर अर्धीच उतरलेली. मग ॲक्चुएटर आणि दांडा जोडणाऱ्या पट्टीतलं गोल भोक ग्राइंडरने लांबट केलं. आता मोटर दांड्याला उंबऱ्यापलीकडे ढकलते आणि हात सोडते. पुढचं स्प्रिंग बघून घेते. ॲक्चुएटरची पिन काढली की दांडा पूर्वीसारखा हातानेही चालतो.

अर्ध्या उतरलेल्या त्या पाचरीने मला चांगलंच हादरवलं. ब्रिटनमध्ये एक्स्कॅव्हेटरच्या झटपट जोडण्यांवरून बकेट खाली पडून माणसं दगावली आहेत. सीटवरून बकेट जोडली जायची, पण सुरक्षेची पिन खाली उतरून हातानेच घालायची असे, आणि नेमकी तीच राहून जायची. हाताने कडी लावणारा माणूस लावता लावता तिच्याकडे बघतोही. बटणाने त्याचा उतरण्याचा त्रास वाचतो, आणि बघण्याची सवय मोडते. म्हणून माझ्या बटणावर झाकण आहे. धक्का लागून ते दाबलं जात नाही. झाकण उचलून, दाबून धरलं तरच मोटर फिरते. प्रत्येक जोडणीनंतर मी बकेट पुढे झुकवून तिची धार जमिनीत रेटतो, पुढची चाकं किंचित उचलली जाईपर्यंत. पाचर बसली नसेल तर बकेटचा तळ तिथेच प्लेटपासून सुटतो, आणि सुटायचाच असेल तर जमिनीवर सुटलेला बरा.

वायरिंगला दोन रविवार गेले. भुजेच्या सांध्यापाशी वायरीला पुरेशी ढील ठेवली नाही, तर पहिल्याच झुकावाला ती ताणून तुटते, एवढं इथे पुरे.

परवाच्या बर्फात चौदाच्या पाच खेपा झाल्या. त्यातल्या दोन ग्रॅपलचे, म्हणजे जबड्यासारख्या पकडीच्या अवजाराचे, हायड्रॉलिक पाइप जोडायला आणि सोडायला, कारण ते काम कुठलंच बटण करत नाही. उरलेल्या तीन पाचरीच्या खाचेत गोठलेलं शेण फोडायला. पहारीने.